पुनाआबांचं उरकलेलं वरीस

निंबानानांनी शेकोटीत कपाशीच्या दोन पऱ्हाट्या सारल्या आणि मफलर कानांवरून घट्ट केला. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या गल्लीत दिवे बंद व्हायला लागले होते. स्वप्नील आणि शेहजाद मोबाइलवर परदेशातल्या सहलींचे भाव बघत होते. ऑफ सीझन, निम्मे दर, आणि काय काय.

"स्वस्त झालं म्हणून निघालात?" नाना म्हणाले. "जा बाबांनो, मी कोण अडवणारा. पण आधी समोरच्या हितेंद्रचं ऐका. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे, एक अक्षर पदरचं घालत नाही. मध्ये बोलायचं नाही. आणि तो मोबाइल उलटा ठेव रे."

तर ऐका. हितेंद्र त्या दिवशी साक्रीला गेला होता तो फक्त एक बॅग आणायला. जानेवारीतला दुसरा गुरुवार, पौष महिना. त्याच्या बायकोचा, कामिनीवहिनीचा, भाऊ साक्रीला असतो, त्याच्याकडे चाकांची मोठी बॅग होती. सहलीला आठ दिवस राहिले होते. म्हटलं, नवी कशाला घ्यायची, आणि निघाला. कामाचं काम, मेहुण्याकडे जेवणही होईल.

सहल कुठली, तर पोर्तुगाल. नावं ठेवू नका, त्या दोघांनी वीस वर्षं हौसेनं कुठं पाऊल टाकलं नव्हतं. हितेंद्रचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान, उन्हाळाभर मान वर करायला फुरसत नाही. मोकळा वेळ मिळतो तो हिवाळ्यात. कामिनीवहिनीनं शोधून काढलं की तिकडे दक्षिणेला समुद्राकाठी जानेवारीतही कोवळं ऊन असतं, हॉटेलं रिकामी असतात नि निम्म्या दरात मिळतात. इथं आपले पौषात दात वाजतात, तिथं एका स्वेटरवर भागतं. संध्याकाळी दोघं चहा पीत नकाशा बघायची. कुठं उतरायचं, कुठल्या गावाला बसनं जायचं, रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लागलेली असतात म्हणे. बाई इतकी खूश होती की मलाही बोलावून फोटो दाखवले.

अडचण एकच होती. पुनाआबांना जाऊन वर्ष झालेलं नव्हतं.

पुनाआबा म्हणजे हितेंद्रचे वडील. तुम्ही पाहिलेत, ओट्यावर बसायचे ते. फेटा बांधण्यात त्या माणसाचा हात धरणारा आख्ख्या तालुक्यात नव्हता. लग्नसराईत आजूबाजूच्या गावांतून माणसं न्यायला यायची. दुसऱ्याचा फेटा ते आपल्या गुडघ्यावर बांधत, नुसतं डोकं बघून, आणि तो मापाला बसायचा. स्वतःचा एकच, बदामी रंगाचा. त्याचा टोकाचा शेव फाटला होता, तो आबांच्या म्हातारीनं हयातीत लाल दोऱ्यानं शिवलेला. फाल्गुनात आबा गेले तेव्हा तोच फेटा हितेंद्रनं त्यांच्या डोक्यावर ठेवला नि त्याच्यासकट अग्नी दिला. मी होतो तिथं. डोळ्यांनी पाहिलंय.

आता आपल्यात वर्ष फिरेपर्यंत मौजमजेला जात नाहीत. फाल्गुन उजाडेपर्यंत थांबायचं, तर तिकडचा स्वस्ताईचा मोसम गेला. मग कुणीतरी कानात सांगितलं की घरात लग्न निघालं असेल तर वर्षश्राद्ध आधी उरकून घेता येतं. हेही खरं, करतात लोक. पण घरात लग्न कुठं होतं? दिपमाला, त्यांची मुलगी, पुण्याला नोकरीला. लग्नाचा विषय काढला की फोन ठेवून द्यायची.

हितेंद्रनं भाऊबंदांना सांगितलं, पोरीचं जमलंय.

झालं. एवढंच खोटं. त्याला वाटलं, पुढं सांगू की मोडलं. सोयरिकी मोडतात की.

कार्तिकात गावी जाऊन त्यानं आबांचं वर्ष उरकलं. सगळे आले. आबांचे धाकटे भाऊ प्रेमराजकाका, त्यांना तर भरून आलं. पान वाढल्यावर ते हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "पुनाभाऊ, नातनं लगीन शे. तुनं वरीस आम्ही आज पुरं करतस. रागे भरू नको." आणि रडले. बायका पदर लावायला लागल्या. हितेंद्र खाली मान घालून उभा. लोकांना वाटलं, बापाच्या आठवणीनं. त्याची मान कशानं खाली गेली होती ते त्याला आणि कामिनीवहिनीला ठाऊक.

त्याला म्हणे तेव्हाच वाटलं होतं की सांगून टाकावं. नाही सांगितलं. तिकिटं काढलेली होती.

तर साक्रीहून तो जेवून निघाला तेव्हा दहा वाजून गेले होते. बॅग मागच्या सीटवर आडवी टाकलेली. थंडी मरणाची, काचा वर. शेवाळी गाव मागे पडलं. पुढं त्यांच्या गावाचा फाटा लागतो, तिथं तो दर वेळी मनातल्या मनात हात जोडायचा. त्या रात्री नाही जोडले. लाज वाटली. नजर समोर ठेवून गाडी पुढं काढायची असं ठरवून आला.

फाट्यावर कुणीतरी उभं होतं.

धोतर, कोट, काखेत कापडी पिशवी. एसटीची वाट बघतात तसं. एवढ्या थंडीत म्हातारं माणूस, कुठल्या तरी कार्यक्रमाहून चुकलेलं असेल, म्हणून हितेंद्रनं गाडी थांबवली. तुम्हीही थांबवली असती. मागचं दार उघडलं. लागलं. काच खाली करायचं, तोंड बघायचं त्याला सुचलंच नाही.

"कोठे चालना, बेटा? धुळे?"

"हो," हितेंद्र म्हणाला.

गाडी निघाली. थोड्या वेळानं गाडीत वास आला. खळीचा. फेट्याला खळ देतात ना, त्या ओल्या खळीचा. हितेंद्रचं लहानपण त्या वासात गेलेलं. त्यानं आरशात पाहिलं. अंधारात तोंड दिसेना. फेटा तेवढा दिसला.

बदामी.

त्यानं हात वर केला आणि आरसा छताकडे वळवला.

"बॅग कोनी शे?" मागून आवाज आला.

"घरचीच…"

"नातनी व्हई. लगीन शे ना तिनं."

हितेंद्रनं गाडीचा वेग वाढवला. स्टिअरिंगवरचे हात घामानं ओले. बाहेर पौष नि आत घाम.

आवाजात राग असता ना, तर त्याला सोसलं असतं, असं तो मला म्हणाला. शिव्या दिल्या असत्या, गळा धरला असता, तरी चाललं असतं. पण आबा खुशीत होते. लग्नाला निघालेला माणूस बोलतो तसे बोलत होते. पिशवीवरून हात फिरवल्याचा आवाज येत होता.

"कव्हय शे लगीन?"

हीच वेळ होती, पोरांनो. एवढं बोलला असता, आबा, लग्न नाही, मी खोटं बोललो, मला क्षमा करा. तिथं कुणी ऐकायला नव्हतं. बाप आणि लेक. त्यानं तोंड उघडलं…

"माघात," तो म्हणाला.

मेलेल्या बापाशी पुन्हा खोटं बोलला.

"वऱ्हाड कोनता गावले जाई?"

"लांब आहे."

"कितलं लांब?"

"खूप लांब, आबा. पाण्याच्या पलीकडे. तुम्हाला… तुम्हाला नाही झेपणार."

आणि ते बोलणं त्याचं त्यालाच टोचलं. कारण हे वाक्य त्याच्या रोजच्या तोंडातलं होतं. शेवटची पाच-सात वर्षं हा कुठंही निघाला की आबा ओट्यावरून विचारायचे, "मी येऊ का?" आणि हा चप्पल घालता घालता म्हणायचा, तुम्हाला झेपणार नाही. नाशिकला निघाला तरी तेच, बाजारात निघाला तरी तेच. मी या कानांनी ऐकलंय. आबा मग मफलर नीट करत बसायचे.

मैलभर गाडी पुढं गेली. नेर गाव गेलं.

मग आवाज आला. अगदी जवळून. मानेमागून.

"झेपी. आते मी मोकळा शे. वरीस पुरं व्हयनं ना मनं."

…

"मी येस."

धुळ्यातला पांझरेचा पूल येईपर्यंत हितेंद्रनं मागं पाहिलं नाही. पुलावर दिवे होते. पाहिलं. सीटवर बॅग होती. बाकी काही नाही.

घरी येऊन त्यानं बॅग उघडली. रिकामी. कामिनीवहिनीनं दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्यानं आतून पुसली, उन्हात ठेवली, स्वतःच्या हातानं भरली. त्यानं तिला काही सांगितलं नाही. ती इतक्या आनंदात होती, डाळ्याचे लाडू करत होती, चार दिवस झोपली नव्हती. आणि सांगायचं म्हणजे ते "माघात" पण सांगावं लागलं असतं. ते त्याच्या तोंडून निघेना.

गेले. विमानानं गेले, समुद्र ओलांडून. समुद्राकाठचं छोटं गाव. अर्धी दुकानं बंद, हॉटेलात ही दोघं नि एक आजारी जोडपं. ऊन खरंच कोवळं. झाडांना संत्री खरंच लागलेली, रस्त्यावर पडलेली, कुणी उचलत नव्हतं. कामिनीवहिनी त्या उन्हात उभी राहून हसली आणि म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं?" हितेंद्रनं मान हलवली. त्याला वाटलं, सुटलो. एवढ्या लांब कोण येतंय.

रात्री वारा सुटला. स्वेटर काढायला म्हणून त्यानं बॅग उघडली.

कपड्यांवर फेटा होता.

बांधलेला. तयार. बदामी. शेवावर लाल दोऱ्याची शिवण.

कामिनीवहिनी मागून म्हणाली, "हा कोणाचा आणलात?" मग तिनंही शिवण पाहिली.

हितेंद्रनं तो दोन्ही हातांनी उचलला. आबांचं डोकं लहान होतं, याचं मोठं. बापाचा फेटा याला कधीच बसत नव्हता. त्यानं डोक्यावर ठेवला.

बरोब्बर बसला.

कळलं का? तो आबांच्या मापाचा नव्हताच. नवरीच्या बापासाठी बांधलेला होता.

कामिनीवहिनी पलंगाच्या कडेवर बसली. मग एवढंच म्हणाली, "आपण त्यांना फसवलं हो. ते खरं मानून बसलेत." आणि तोंडावर ओढणी घेतली. बाहेर समुद्राचा आवाज होता. त्या परक्या गावात, त्या रिकाम्या हॉटेलात ती दोघं रात्रभर दिवा लावून बसली, एकमेकांकडे बघायची लाज वाटत होती म्हणून भिंतीकडे तोंड करून. सकाळी परतायचं बघितलं, पण तिकीट आठवड्यानंतरचंच होतं. तो आठवडा त्यांनी कसा काढला ते मी विचारलं नाही.

आल्यावर हितेंद्र थेट गावी गेला. प्रेमराजकाकांचे पाय धरले, सगळं सांगितलं. भाऊबंदांपुढंही सांगितलं. लोक बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं म्हणाला. फाल्गुनात, आबांच्या खऱ्या तिथीला, सगळं पुन्हा केलं. पानापुढं उभं राहून लेकानं मोठ्यानं सांगितलं, आबा, लग्न नव्हतं. काका शेजारी होते. सगळं आटोपल्यावर ते हळूच म्हणाले, "आमले सांगं ते ऐकं आम्ही. त्यानी ऐकं का नही, कोन सांगी?"

नानांनी काठीनं निखारे उकरले. शेहजादनं मोबाइल कधीच खिशात घातला होता.

"मग ऐकलं का हो त्यांनी?" स्वप्नीलनं विचारलं.

समोरच्या घराच्या वरच्या खोलीत दिवा जळत होता, नाना तिकडे बघत राहिले.

"दोन वर्षं होतील आता," ते म्हणाले. "फेटा हितेंद्रनं सोडला नाही. सोडवायला हात होत नाही त्याचा. वर कपाटात ठेवलाय. परवा तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई उघडली, त्या संध्याकाळी त्यानं मला वर नेलं. म्हणाला, नाना, मला काही बोलू नका, नुसता हात लावून बघा."

"मग?"

"लावला," नाना म्हणाले, आणि उजवा हात शेकोटीवर धरला. "खळ ओली होती."