अकरा नंबरचा बिल्ला

बसा गा पोट्टेहो. लाईट गेली म्हणून काहून बोंबलता? ती येते कशी, हे तरी एकाले माहीत हाय का? मधुकररावाले माहीत होतं. माह्या शेजारचा माणूस, खोटं बोलणारा नव्हे. जन्मात एकदाच खोटं बोलला, त्याचीच ही गोष्ट.

चौऱ्याऐंशी साल, चौदा मे, सोमवारची रात्र. ड्युटीवर येता येता मधुकररावानं वाडीच्या गोदामातून हवा गाळाच्या जाळ्या घेतल्या अन् कन्हानकडच्या कारखान्यात पोचला. तिथं वीज कराची गॅस टर्बाइन होती, हा तिचा ऑपरेटर. विमानाचं इंजिन जमिनीले बांधून ठेवलं समजा. समोरच्या जाळ्यांच्या खोलीतून हवा ओढते, दाबते, त्या हवेत तेल पेटवते, अन् तो तापलेला झोत पाती फिरवते. त्याच दांड्यावर जनरेटर. पण ती आपल्या मनानं उठत नाही. आधी मोटरीनं तिले फिरवा लागते, मंग तेल सोडा लागते, तवा कुठं आग धरते.

तिथं हरेकाले नंबरचा पितळी बिल्ला होता. कामावर आला का फाटकावरच्या फळ्यावरून घ्याचा, सुट्टी झाली का आपल्याच खिळ्याले टांगून घरी जाचं. अन् जाळ्यांच्या खोलीत शिरला का तोच बिल्ला मशीन सुरू कराच्या दांडीले, स्टार्टरले, अडकवाचा. बिल्ला हाय तवर मशीन सुरू कराची नाही, अन् ज्याचा बिल्ला त्यानंच काढाचा. मालक आला तरी दुसऱ्यानं हात लावाचा नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, मे महिन्यातच, धोंडबा फिटर आत होता. दांडीले त्याचा अकरा नंबर लटकून होता. शिफ्टचा साहेब भैय्याजी, त्याले वरून फोन आला, वीज पाहिजे, आत्ताच. धोंडबा निघाला असन म्हणून त्यानं बिल्ला काढला अन् मशीन सुरू केली. ओढल्या हवेनं दार चिकटून बसलं. धोंडबा आत... जाऊ द्या.

भैय्याजीनं बिल्ला कन्हान नदीच्या डोहात फेकला. चौकशीत म्हणाला, "त्यानं बिल्ला लावलाच नव्हता." मधुकररावानं सगळं डोळ्यानं पाहिलं होतं. पण नोकरीच्या भेवानं तोही म्हणाला, "नव्हता."

धोंडबाची बायको तुळसाबाई तिथंच उभी होती. रडली नाही. "माहा माणूस बिल्ला विसरत नाही भाऊ," म्हणाली. "तो येईन अन् लावीन."

तर चौऱ्याऐंशीच्या त्या रात्री मशीन बंद होती. पावणेदोन वाजले. जाळ्यांच्या खोलीतून आवाज आला. टक्... टक्... पान्यानं ठोकल्यासारखा.

"जाळी सुटली असन," भैय्याजी म्हणाला. त्यानं आपला बिल्ला दांडीले लावला. "मधुकर, इथून हालू नको गा."

"तेलाची झडप बंद करतो, साहेब."

केली. स्वतःच्या हातानं. भैय्याजी टॉर्च घेऊन आत गेला.

मधुकरराव वळला. दांडीले एकच बिल्ला होता. ओला. थेंब पडून राहिले होते.

अकरा नंबर.

दांडी आपोआप खाली आली. मोटर फिरली. मधुकरराव लटकला दांडीले... हालेना. दार धडधड वाजलं. आतून भैय्याजी ओरडला,

"मधुकर... मी लावला होता ना... सांग ना त्याले..."

कोणाले सांगाचं?

तेल नाही. आग नाही. तरी मशीन चढत गेली. चढत गेली...

मंग दार वाजणं थांबलं.

पहाटे मॅनेजर आला. मधुकररावानं सगळं लिहून दिलं, आताचं अन् मागच्या वर्षाचंही. "धोंडबाचा बिल्ला होता. मी खोटं बोललो." भैय्याजीचा बिल्ला कोणाले सापडला नाही, आजवर नाही. अकरा नंबर दांडीवर टपकत होता. काढाची कोणाची छाती झाली नाही.

मधुकररावानं सही केली. मान वर केली तं दांडी रिकामी.

घरी जाले निघाला, फाटकाशी आला. फळ्यावरचा अकराचा खिळा वर्षभर मोकळा होता.

त्या सकाळी त्याले अकरा नंबर टांगला होता. खाली, कोरड्या फरशीवर, कन्हानची ओली वाळू.