टेकू निघेपर्यंत

ठोकळा त्याच्या पायावर पडायचा, तो चार बोटांनी हुकला.

हनमकोंड्यातल्या, बांधकामाचा माल तपासणाऱ्या लॅबसमोर एक गतिरोधक आहे. तो दिसेपर्यंत स्कूटी त्यावर चढलेली असते. माझ्या पायांपाशी काँक्रीटचे तीन ठोकळे होते. त्यातला एक उडाला आणि दारात चहा पीत उभ्या असलेल्या एका तरुणाच्या चपलेशेजारी जाऊन आदळला. तो जागचा हलला नाही. चहा मात्र सांडू दिला नाही त्याने.

"थोडक्यात वाचला," तो म्हणाला.

"लागलं नाही ना, सार, कुठे?"

"मी ठोकळ्याबद्दल बोलतोय. पण आता हा मी तपासणार नाही हं. पडलेला माल आम्ही घेत नाही."

आणि हसला... म्हणजे ओठांनी नाही, नुसत्या डोळ्यांनी. त्याचं नाव भूमेश. लॅबमध्ये नवीनच आला होता. उरलेले दोन ठोकळे त्याने स्वतः उचलून आत नेले, यंत्रात दाबून फोडले आणि म्हणाला, "सात दिवसांच्या मानाने तब्येत उत्तम आहे. आता श्वास घ्या, मॅडम."

मी खरंच श्वास रोखून उभी होते. त्याला ते कसं दिसलं कोण जाणे.

श्वास रोखण्यासारखंच होतं म्हणा. मी एका फंक्शन हॉलची साइट मॅनेजर होते, आणि ही माझी पहिलीच साइट. कंत्राटदार रंगाराव सारांनी काम माझ्या हाती दिलं, तेव्हा 'स्रवंती स्लॅब भरणार? मग लग्नं अंगणातच लागतील' असं त्यांचेच लोक बोलले होते. हॉलला मध्ये एकही खांब नाही. नवरा-नवरी सगळ्यांना दिसली पाहिजेत ना! एवढं मोठं छत तूर्त लोखंडी टेकूंवर उभं होतं, आणि माझा जीव त्या टेकूंना टांगलेला होता. स्लॅबसाठी आलेल्या मालातूनच हे ठोकळे भरतात, पाण्यात ठेवतात आणि फोडून बघतात. अठ्ठावीस दिवसांनी शेवटची परीक्षा. ठोकळा नापास म्हणजे स्लॅब नापास, आणि स्लॅब नापास म्हणजे मी.

मधल्या दिवसांत इतर कामांचे ठोकळे घेऊन मी लॅबमध्ये जातच होते. आता खाली गोणपाट अंथरून नेत असे. "एवढं जपून तर लोक अंडीही आणत नाहीत," भूमेश म्हणायचा. मग समोरच्या गाड्यावर मिरची भजी. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि तो न बोलता पाण्याचा ग्लास माझ्या बाजूला सरकवायचा. एकदा त्याची बोटं ग्लासावर जरा जास्तच वेळ राहिली... आणि माझीही. त्या दिवशी साइटवर मी गवंड्याला तीच सूचना दोनदा दिली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मात्र यंत्राचा काटा अर्ध्यावरच थांबला. ठोकळा भुगा होऊन बसला. दुसराही तसाच. तिसरा लाजेखातर तरी टिकेल असं वाटलं होतं, तोही फुटला. भूमेश बराच वेळ काट्याकडे बघत राहिला, माझ्याकडे बघायचं टाळत.

मी आकडे लिहून घेतले आणि साइटवर परतले.

रंगाराव सारांनी आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. स्लॅब फोडायचा झाला तर तुझी नोकरी जाईल आणि माझं नावही, असं ते शांतपणे म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले की तो लॅबवाला मुलगा तुझं ऐकतो असं कानावर आलंय... बघ जरा बोलून.

मी गेले. भज्यांची प्लेट आमच्यामध्ये निवत होती.

"सारांनी सांगितलंय, मी तुम्हाला आकडा बदलायला सांगावं," मी म्हणाले. "मी सांगणार नाहीये. पण भूमेश, मला फार भीती वाटतेय. झोप येत नाही. डोळे मिटले की छत खाली येतं."

त्याने प्लेट माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलं नाहीस. मी नाही म्हटलं असतं, आणि मग तू भजी खायला कुणाबरोबर आली असतीस?" पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने घाईघाईने मिरचीचं देठ मोडलं. "पण मला एक कळत नाही. सातव्या दिवशी यांचे भाऊ पहिलवान होते. दिवसागणिक माणूस खचतो, काँक्रीट नाही. या तिघांवर मध्ये काहीतरी बेतलंय. मी उद्या साइटवर येतो."

आला. पाण्याच्या टाकीत हात घालून त्याने इतर कामांचे ठोकळे चाचपले आणि बोटांना लागलेली काजळी निरखली. मग मजुरांचं जेवण रांधणाऱ्या बुच्चम्माच्या चुलीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि तिच्या हातच्या मसालेदार बगारा भाताची चौकशी करू लागला. मला वाटलं, याला आत्ता भात सुचतोय. बुच्चम्मा मात्र खुलली. स्लॅबच्या दावतीला भात असा झाला होता म्हणून सांगू, ती म्हणाली.

आमच्याकडे स्लॅब भरला की त्याच दिवशी दावत, म्हणजे मजुरांना कोंबडी-भाताचं जेवण, देतात. पण आमचा स्लॅब भरला शनिवारी, आणि शनिवारी अर्धी माणसं कोंबडं खात नाहीत. म्हणून दावत गेली पुढच्या आठवड्यात, सातव्या दिवसाच्या चाचणीनंतरच्या रविवारवर.

"एवढा मोठा हंडा कशावर ठेवलात, अम्मा?" भूमेशने विचारलं.

"दगड कुठे एकसारखे मिळतात रे? ते टाकीतले चौकोनी घेतले तीन. हंडा डुगडुगला नाही." मग माझ्याकडे वळून ती अभिमानाने म्हणाली, "पण बिड्डा, पोरी, तू म्हणतेस ना, ते पाण्याबाहेर ठेवायचे नाहीत? भात उतरल्याबरोबर गरमागरम परत टाकीत टाकले. चांगले चुर्र झाले."

मला हसू आलं, रडू आलं... दोन्ही एकदमच आलं. स्लॅबचं भवितव्य मी कोंबडीबरोबर शिजवून खाल्लं होतं. वर दोनदा वाढूनही घेतलं होतं.

पण कारण सापडलं म्हणजे छत पास झालं असं नाही. खऱ्या स्लॅबलाच भोकं पाडून आतला गाभा काढला आणि तपासायला पाठवला. ते दिवस मी कसे काढले, विचारू नका. आईने पुढ्यात ठेवलेलं ताट तसंच राही. भूमेश रोज एकच निरोप पाठवी, 'जेव.' शेवटी अहवाल आला. गाभा पास होता, तोही चांगल्या गुणांनी.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण 'नापास' हा शब्द साइटवर एकदा फिरला होता, आणि टेकू काढायला कुणी हात लावेना. मुकादम ऐलय्या डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, आमच्यात रीत आहे. ज्याने स्लॅब भरला त्याने टेकू निघताना खाली उभं राहायचं. तुम्ही उभ्या राहिलात तर पोरं हात लावतील."

मी हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिले. अहवाल पाठ होता, तरी मी तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. पहिला टेकू खणकन पडला. मी डोळे मिटले.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिल्याचं जाणवलं. डोक्यावर हेल्मेट वाकडं, शर्टाला सिमेंटचा वास.

"तू कशाला आलास? तुझं काम तर संपलं."

"काम संपलं म्हणूनच आलो. आज सुट्टी घेतलीय."

"आकड्यावर विश्वास नाही वाटतं तुझा?"

"आकड्यावर आहे. पण तू इथे एकटी उभी आहेस हे कळल्यावर... लॅबमध्ये बसवेना." आणखी एक टेकू पडला. वरून धूळ आली. मी त्याची बाही घट्ट धरली होती, कधी धरली ते मला कळलंच नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, "स्रवंती, माझ्या अम्माला तुमच्या घरी पाठवू का? बोलणी करायला?"

"हे विचारायची ही जागा आहे? सगळे टेकू निघू देत, मग सांगते."

"नको. छत टिकल्यावर हो म्हणणं सोपं असतं. तू आत्ता सांग."

हेल्मेटचा पट्टा तो उगाचच सोडून पुन्हा बांधत होता. माझ्या छताची भीती मला महिनाभर होती. त्याची भीती मला आत्ता दिसली.

तोवर बाकीचे टेकू निघाले होते आणि ऐलय्या शेवटच्या टेकूपाशी हातोडा उचलून माझ्या खुणेची वाट बघत होता. मी ऐलय्याकडे बघून मान हलवली, आणि मग भूमेशकडे वळले.

"पाठव," मी म्हणाले. "आणि त्यांना सांग, शनिवारी येऊ नका, रविवारी या. आमच्याकडे पाहुण्यांना कोंबडं असतं."

तो हसला, या वेळी ओठांनीसुद्धा. शेवटचा टेकू पडला, पोरांनी एकच गलका केला, आणि मी वर बघायचंच विसरले.