चौथ्यांदा विचारलं नाही

"आबजी, आलं! अगं, आलं गं!"

मोजगान स्वयंपाकघरात अशी धावत शिरली की दारातली खुर्चीच आडवी झाली. फरंगीसच्या हातात त्या क्षणी भाताचं पातेलं होतं. ते परातीत उपडं करताना तळाची सोनेरी खरपुडी अखंड सुटायला हवी. शिराझच्या लेकींची सारी अब्रू त्या एका खरपुडीत असते! आबजीच्या, म्हणजे थोरल्या ताईच्या, पाठीशी उभं राहून फोन नाचवत धाकटी म्हणाली, "कायमच्या वास्तव्याचं मंजूर झालं! आता मला इथून कोण्णी जा म्हणू शकत नाही. मी आता इथलीच!"

पातेलं उपडं झालं आणि खरपुडीचे चार तुकडे झाले.

"मुबारक, जानम," फरंगीस म्हणाली. तिने बहिणीला मिठी मारली, कपाळाचं चुंबन घेतलं, सगळं रीतसर केलं. पण बाई गं, काळजात त्या वेळी काय पेटलं होतं! मत्सर, असूया… पुस्तकात हे शब्द किती सोज्वळ दिसतात! आणि तेच शब्द सख्ख्या बहिणीच्या नावाने छातीत उतरले की माणसाला स्वतःच्याच सावलीची किळस येते. जिला कडेवर घेऊन वाढवलं, वडील गेल्यावर जिच्यासाठी स्वतःला आलेलं चांगलं स्थळ परत पाठवलं, जिला हाताला धरून परदेशात, या सॅस्काटूनच्या बर्फात आणलं, त्याच पोरीच्या सुखाने आपल्याला अपचन व्हावं? हे देवा, मी कोण झाले!

"तुझं तोंड असं का गं, दही नासल्यासारखं?" मोजगानने विचारलं.

"वाफ लागली. बस जेवायला."

जेवताना शिराझहून मामानचा, आईचा, फोन आला. पडद्यावर मामान रडत होती, हसत होती, पदराने… नव्हे, ओढणीच्या टोकाने नाक पुसत होती. मग तिने नेमकं तेच विचारलं, जे विचारू नये म्हणून फरंगीस मनात प्रार्थना करत बसली होती.

"आणि फरंगीस-जान, तुझं कधी? मोठी तू, डॉक्टरेट तुझी, आणि धाकटीचं आधी कसं झालं गं?"

"होईल, मामान. माझं जरा किचकट आहे."

किचकट कसलं! उघडं सत्य होतं, फक्त आईला सांगण्यासारखं नव्हतं. सहा वर्षं फरंगीसने विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत खारट जमिनीची माती चाळली होती, गव्हाची मुळं एकेक करून धुतली होती, नव्या पोरांना काम शिकवलं होतं. पगारही मिळत होता. मग डॉक्टरेट हाती पडल्यावर ती स्थलांतराच्या सल्लागाराकडे गेली, तेव्हा तो माणूस खेदाने म्हणाला, "बाई, तुम्ही अर्ज करताय त्या योजनेत शिकत असताना केलेलं काम धरत नाहीत. शिक्षण संपल्यावर, कामाच्या परवान्याच्या मुदतीत, तुमच्या तोडीच्या कामाचं एक अख्खं वर्ष दाखवा." सहा वर्षं मातीत हात घातले आणि त्या सगळ्याची मातीच झाली! नंतर जिथे जावं तिथे एकच: इथला अनुभव आहे का, परवाना किती दिवसांचा? शेवटी फख्री खानमच्या बेकरीत ती गल्ल्यावर उभी राहिली. आणि गल्ल्यावरचं काम? तेही त्या हिशेबात बसत नव्हतं. बघता बघता तीन वर्षांच्या परवान्यातलं सव्वा वर्षच उरलं होतं.

एक जागा होती. हातातोंडाशी आलेली होती… तीच तर सारी व्यथा!

गावाबाहेर डेनिस ओलेक्सिन म्हणून एका गृहस्थाची माती आणि बियाणं तपासायची प्रयोगशाळा होती. फरंगीसला डॉक्टरेट मिळाली त्या दिवशीच्या चहापानात तो तिच्यापाशी येऊन सरळ म्हणाला, "माझ्याकडे एक जागा आहे. याल?" तिच्या मनात कारंजी उडाली! पण ज्या घरात पाहुण्याने चहाचा पेलासुद्धा पहिल्या विचारण्याला घेतला तर त्याला हावरट म्हणतात, त्या घरातली ती. तोंडातून आपसूक निघालं, "छे छे, माझी कुठे तेवढी लायकी! एखाद्या हुशार माणसाला द्या." आता तो पुन्हा म्हणेल, अहो तुम्हीच हुशार. मग आपण पुन्हा नको म्हणू. मग तो आग्रह करेल, आणि मग मान खाली घालून… पण डेनिस पडला प्रेअरीच्या सपाट मुलखातल्या शेतकऱ्याचा मुलगा. "बरं," तो म्हणाला, आणि केकची बशी घेऊन दुसरीकडे गेला.

पुढच्याच आठवड्यात मोजगान त्या जागेची जाहिरात घेऊन आली. तिचा प्रयोगशाळेचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम नुकताच संपला होता. "आबजी, ही तुझ्या ओळखीची ना? तू करतेस का अर्ज?"

"मी? नको गं. तू कर."

"नक्की? तुला हवी असेल तर मी हातही लावणार नाही."

"माझं होईल कुठेतरी. तू कर."

"आईशप्पथ?"

"कर गं, जानम. माझं सुख ते काय वेगळं आहे!"

झालं, तीनदा विचारून झालं. तीनदा नको म्हटलं की ते खरं धरायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज. त्यात मोजगानची चूक कोण काढणार? आणि तरी त्या दिवसापासून मोजगान पांढरा कोट घालून घराबाहेर पडली की फरंगीसला वाटे, तो कोट माझ्या अंगातला आहे. संध्याकाळी धाकटी कामाच्या गमती सांगू लागली की थोरली नळ मोठा सोडून भांडी घासत बसे. त्या नळाच्या आवाजात तिने कितीदा डोळे पुसले, ते तिचं तिला ठाऊक!

मंजुरी आल्यानंतरच्या शनिवारी मोजगान पालेभाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "मी प्रयोगशाळा सोडतेय. काल डेनिसला सांगितलं."

"वा!" फरंगीसचा आवाज सुरीसारखा निघाला. "पंख फुटले म्हणायचे. आता कुठे स्वारी? टोरोंटो?"

"फख्री खानमच्या बेकरीत. तुझ्या गल्ल्यावर."

"माझी थट्टा करतेस?"

"थट्टा नाही गं. माझं वर्ष भरलं, कागद झाले. मला आता कुठलंही काम चालतं. तुला नाही चालत. जागा रिकामी होतेय, तू लगेच गेलीस तर तुझ्या सव्वा वर्षात एक वर्ष सहज बसतं." मोजगानने भाजीचं ताट बाजूला सारलं. "जा ना, आबजी."

खरं तर इथे आनंदाने उडी मारायची. पण मत्सर इतका सरळ असता तर त्याला मत्सर कोण म्हणालं असतं! फरंगीसच्या मस्तकात तिडीक गेली.

"म्हणजे तुझं उष्टं खाऊ मी? तू खाऊन ढेकर दिलास, आता ताटाखालचं मांजर म्हणून मला बोलावतेस? अगं, ती जागा माझी होती! डेनिस आधी माझ्याकडे आला होता, माझ्याकडे! तू आयती जाऊन बसलीस तिथे!"

"मी तीनदा विचारलं तुला!"

"तीनदा परक्यांना विचारतात!" फरंगीस ओरडली, आणि दोन वर्षं दाबून धरलेला हुंदका एकदम फुटला. "सख्ख्या बहिणीला तीनदा विचारून थांबतात होय गं? सांग ना… थांबतात?"

नेहमी उलट उत्तर जिच्या ओठावर, ती मोजगान मान खाली घालून बसली. खिडकीबाहेर शेजारचा म्हातारा पायरीवरचं बर्फ खरवडत होता.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुझं 'नको' खरं नव्हतं, हे पहिल्यांदाच कळलं होतं. आबजी, तू आयुष्यात कधी पहिल्यांदा हो म्हणालीयेस? चौथ्यांदा विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस… म्हणूनच मी चौथ्यांदा विचारलं नाही. मलाही हवी होती गं ती जागा. फार हवी होती. कायम तुझी उतरलेली दप्तरं, तुझे उतरलेले कोट, तुझ्या गुणपत्रिकेशी तुलना… एकदा तरी मला तुझ्याआधी काही मिळावं असं वाटलं. रिवाज माझ्या बाजूने होता. मी त्याच्याआड लपले."

फरंगीसचा हात उगारला गेला होता… तो तसाच राहिला. राग यायला हवा होता, पण आला तो सुटकेचा श्वास! दोन वर्षं ती स्वतःलाच दुष्ट समजत आली होती, निरागस बहिणीवर जळणारी कैदाशीण समजत आली होती. आणि बहीण निरागस नव्हतीच मुळी! ती मटकन खाली बसली.

"मग माझंही ऐक," ती म्हणाली. "तुझा अर्ज गेला तेव्हा मामानला मी शाहचेराघच्या दर्ग्यात तुझ्या नावाने मेणबत्ती लावायला सांगितली होती, आठवतं? मामान बिचारी गुडघे दुखत असताना गेली. आणि मी इथे बसून मनात काय म्हणत होते, माहीत आहे? परत येऊ दे तिचा अर्ज… फेटाळू दे!"

मोजगान तिच्याकडे आ वासून बघत राहिली. मग तिच्या रडक्या तोंडातून फस्सकन हसू बाहेर पडलं.

"तरीच मेला इतका उशीर लागला!"

"हसतेस काय, निर्लज्ज!"

"मग काय करू? दोघी सारख्याच नालायक निघालो!" आणि दोघी बहिणी निवडलेल्या भाजीवर पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. ती भाजी पुन्हा धुवावी लागली.

सोमवारी फरंगीस डेनिसच्या खोलीत उभी होती. तिने विनाकारण दोनदा गळ्याभोवतीचा रुमाल सारखा केला.

"तुम्ही?" डेनिसने चष्मा वर केला. "तुम्हाला तर ही जागा नको होती."

"तेव्हा मी खोटं बोलले होते."

"अस्सं." तो जरा गोंधळला. "तुमचं काम मला माहीत आहे, त्याबद्दल काही प्रश्न नाही. पण तुमच्याच विद्यापीठातल्या एका पोरानेही विचारलंय. चांगला आहे पोरगा. तेव्हा नीट सांगा, तुम्हाला नक्की हवी आहे ना?"

तिच्या जिभेवर सगळं तयार होतं! 'त्यालाच द्या, बिचारा तरुण आहे, माझं काय…' किती पिढ्यांनी घोटून दिलेली ती गोड वाक्यं! आजीने चहाच्या पेल्यावर शिकवलेली, आईने लग्नाच्या बैठकीत शिकवलेली. घशापर्यंत आलेला तो गोडवा गिळताना तिला खरोखरच कळ आली. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. दोन वर्षं जो मत्सर तिला आतून पोखरत होता, तोच पुढे झाला आणि तिच्या वतीने बोलला. शेवटी मत्सर म्हणजे तरी काय, मागायला लाज वाटलेली इच्छाच ना?

"हवी," ती म्हणाली. "फार हवी आहे. त्याला नाही, मला."

डेनिस हसला. "एवढं सरळ त्या वेळी सांगितलं असतंत तर! पुढच्या सोमवारपासून या. कागद मी तयार ठेवतो."

बाहेर गाडीचं इंजिन चालू ठेवून मोजगान बसली होती. काचा श्वासाने धूसर झाल्या होत्या. फरंगीस आत येऊन बसली आणि पट्टा लावू लागली.

"अगं, बोल ना! काय म्हणाला?"

"मिळाली."

"मिळाली?" मोजगानने टाळी वाजवली. तिच्या गळ्यात पडली, "मुबारक, मुबारक" म्हणाली, सगळं रीतसर केलं. मग स्टिअरिंगवर हात ठेवून ती समोरच्या पांढऱ्या इमारतीकडे बघत राहिली. तिथे तिच्या नावाचं टेबल होतं, खिडकीतलं तिचं रोपटं होतं, डब्यातलं वाटून खाणाऱ्या मैत्रिणी होत्या. पुढच्या सोमवारी ती गल्ल्यावर उभी राहून पावाच्या पिशव्या भरणार होती. तिच्या ओठांची कड किंचित दुमडली.

फरंगीसने ते पाहिलं. जगात दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं, पण तिला कळलं. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी आरशात ती तो पाहत आली होती.

"जळतेस का गं?" तिने हळूच विचारलं.

मोजगानने आधी नाही म्हणून मान हलवली. मग डोळ्यांतून टपकन पाणी खाली आलं. "हो," ती म्हणाली. "जरा जरा."

"जळ, माझी राणी," फरंगीस म्हणाली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "पण मनात ठेवू नकोस. रोज संध्याकाळी मला तोंडावर सांगत जा."

मोजगानने तिच्याच रुमालाला नाक पुसलं आणि गाडी मागे घेतली.