गुंडाळी संपली तरी

हसायचं तर खुशाल हसा. मीही अशा गोष्टींना हसायचे. पण हे माझ्या सख्ख्या ताईबरोबर घडलंय. हॉस्पिटलसमोरच्या तिच्या झेरॉक्सच्या दुकानात, भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत.

दुकान भाऊजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं. झेरॉक्समध्ये काळी पावडर कागदावर पडते आणि तापलेला रोलर ती वितळवून पक्की बसवतो. थोडी रोलरलाच चिकटते. ती पुसायला तेलकट कापडाची गुंडाळी असते. कापड जरा जरा पुढे सरकतं.

टिक्... टिक्...

कापड संपलं की मशीन अडतं. मग नवी गुंडाळी घालून आकडा शून्यावर आणायचा. भाऊजी नुसता आकडा शून्यावर आणायचे.

नवी गुंडाळी कपाटात पडलेली असायची. पण म्हणायचे, "कशाला? बायको आहे की."

मग झाकण उघडून ताईला हाक. "पुस."

रोलर गार होईपर्यंत थांबायचं नाही. चिंधी मिळाली तर मिळाली, नाहीतर उघड्या हातानंच. ताई ओठ दाबून पुसायची आणि मला सांगायची, स्वयंपाक करताना भाजलं.

एक दिवस भाऊजी मशीनसमोरच कोसळले आणि गेले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

ताईनं एकटीनं दुकान उघडलं. "आता या हातांना जरा आराम," म्हणाली.

कॉपी स्वच्छ येत होत्या. फक्त तिचे तळहात रोज सकाळी लालबुंद असायचे.

त्या दुपारी सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला. भारी बडबड्या. मशीन बंद करून त्यानं झाकण उघडलं...

आणि आत वाकून बघतच राहिला.

"अहो, इथे कापडच नाही! कधीच संपलंय. मग रोलर एवढा लख्ख कसा? पुसतं कोण?"

ताईनं कपाटातून नवी गुंडाळी काढली.

"ही घाला." ती म्हणाली.

त्यानं कापड बसवलं, आकडा शून्यावर आणला, मशीन तापवलं. पहिली कॉपी... नुसते काळे डाग. दुसरी... तशीच. कापड रोलरला टेकलेलं होतं, सरकतही होतं. पण पांढरंशुभ्र. त्याला कणभर पावडर लागत नव्हती.

मेकॅनिकनं घाबरून प्लग उपसला आणि झाकण उघडलं.

टिक्...

प्लग माझ्या पायाशी पडला होता.

टिक्... टिक्...

ताई उठली. डोळे उघडे, पण आमच्याकडे नव्हते. तिनं हात सरळ आत घातला...

पुढे-मागे. पुढे-मागे.

कातडी जळल्याचा वास सुटला. आम्ही दोघांनी तिला ओढून बाजूला काढलं, तेव्हा रोलर पुन्हा लख्ख झाला होता.

मशीन भंगारात दिलं. माझ्यासमोर हातोड्यानं फोडलं. ताईला मी माझ्या घरी आणलं. वाटलं, सुटली बिचारी.

तिच्या तळहातांवर आता एकही रेघ उरलेली नाही. दुपार झाली की हात हवेत फिरायला लागतो. पुढे-मागे. आणि नखांत काळी पावडर साचते... कुठून?

काल मी तो हात गच्च धरला. मला चटका बसला.

ताई कुजबुजली, "सोड गं. मी थांबले तर ते तुला हाक मारतील."

ती माझी थोरली बहीण. लहानपणी माझा मार तिनं खाल्लाय.

मी हात सोडला. बाहेर आले आणि दाराला कडी लावली.

आत्ता दुपार झालीय. आतून तो टिक्... टिक्... आवाज येतोय... आणि मी इथेच बसून आहे.