फ्रेममधला पांढरा थर

हे माझ्या घरात घडलंय. पटत नसेल तर इथेच थांबा. कमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका.

गेल्या जूनमधली रविवारची दुपार. सिंगापूरच्या सेम्बावांगमधला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

माझी बायको दीप्ती भूगर्भशास्त्रज्ञ. जुन्या त्सुनामींच्या खुणा शोधायची. सुमात्राच्या किनाऱ्यामागच्या सखल शेतात तिने खड्डा खणला होता. खड्ड्याच्या भिंतीला गोंद लावून कापड चिकटवायचं. वाळलं की मातीचे थर जसेच्या तसे सोलून निघतात. तसं एक कापड तिने फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. वर-खाली काळा चिखल, मध्ये पांढरी वाळू. शेकडो वर्षांपूर्वी लाटेने आणून टाकलेली.

मेलेल्यांचा चिखल घरात कशाला, असं मी म्हणालोसुद्धा. ती हसली.

जेवणानंतर मी पाण्याचा ग्लास उचलला...

कोरडा.

बादली कोरडी. कमोडसुद्धा कोरडा. नळ सोडला, तर कुणीतरी श्वास आत ओढावा तसा आवाज...

मग हॉलमधून तडफड ऐकू आली.

फिशटँकमध्ये थेंब नव्हता. मासे खड्यांवर उडत होते. दीप्ती ते ओंजळीत गोळा करत होती. लहान पोरीसारखी हसत.

लाटेआधी समुद्र मागे हटतो, लोक मासे वेचायला धावतात आणि तिथेच मरतात, हे मला तिनेच शंभरदा सांगितलं होतं.

"दीप्ती, ऊठ."

तिला ऐकूच येईना. आणि फ्रेमच्या बाजूने गाज... जवळ येणारी.

दंड धरून मी तिला फरफटत बाहेर काढलं. दार ओढून जिन्याने वर पळालो. पाचव्या मजल्यावर पोचलो तेव्हा खाली आमच्या दारावर आतून काहीतरी धाडकन आदळलं.

मग शांत.

तिथली चिनी आंटी बाहेर आली. "सो नॉयझी, यू टू फायटिंग आ?" म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

संध्याकाळी मी एकटाच खाली गेलो. सगळं जागच्या जागी. टँक भरलेला, मासे पोहतायत. फक्त भिंतींवर माझ्या छातीच्या उंचीला ओलीची सरळ रेघ...

बोट लावून चाखलं. खारट.

फ्रेम दीप्तीच्या लॅबला देऊन टाकली. आता आम्ही हौगांगला राहतो, चौदाव्या मजल्यावर. इथे आल्यापासून दीप्ती एकदाही खाली उतरलेली नाही. नोकरी सोडली. डॉक्टर म्हणतो, धक्का बसलाय. त्याला घंटा कळतंय.

काल शेवटी विचारलंच, कधी उतरणार?

ती खिडकीतून खाली बघत होती.

"पहिली लाट सगळ्यात मोठी नसते, प्रमोद. तूही जाऊ नकोस."

आज सोमवार. ऑफिसला निघायची वेळ कधीच टळलीय.

बूट घालून लिफ्टच्या दारासमोर बसलोय. लिफ्टचं बटण दाबायला हात उठत नाहीये...