न दिसलेली पाटी

ऑपरेशनमध्ये ताईंचा डावा डोळा गेला. त्या डॉक्टरवर आधीच कारवाई झाली होती, हे त्यांना नंतर कळलं. वैद्यकीय परिषदेची तपासनीस घरी आली तेव्हा शिलाई मशीनवर अर्धवट बाही तशीच अडकलेली होती.

"कारवाईची पाटी पेशंटना दिसेल अशी लावायची, ही अट होती," तपासनीस म्हणाली. "तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली असती तर त्या पायरीवर पाय तरी ठेवला असता का?"

शेजारी बसलेला धाकटा भाऊ उसळला. "दिसेल कशी? दारामागे टांगली होती! केसाने गळा कापला त्याने!"

"तुम्ही सोबत होता?"

"मीच नेलं. भरगर्दीत तिला आत बसवलं आणि कामाला पळालो. पुन्हा कशाला जातोय तिथे?"

दवाखान्यात पाटी समोरच्याच भिंतीवर होती.

"पहिल्यापासून इथेच आहे," डॉक्टर थंडपणे म्हणाला.

तपासनीसने बाहेरचं दार पुढे ओढलं. मागच्या भिंतीत एक रिकामा खिळा होता.

"हे दार बंद कधी करता?" तिने नर्सला विचारलं.

"शेवटचा पेशंट गेल्यावर. दिवसभर सताड उघडं असतं."

"नंतर आत कोण थांबतं?"

"डॉक्टर. कधी त्यांचा शाळेपासूनचा दोस्त येतो, गप्पा मारायला."

संध्याकाळी ती पुन्हा ताईंकडे आली.

"भाऊ, पाटी दारामागे होती हे कसं कळलं?"

"पाहिली की मी!"

"दार उघडं असताना? तेव्हा ती कोणालाच दिसत नव्हती, म्हणून तर ताई फसल्या. दार लावल्यावर आत असेल त्यालाच ती दिसणार. आत डॉक्टर असायचा आणि त्याचा दोस्त. रागाच्या भरात तुमच्या तोंडून खरं निघालं. तो दोस्त तुम्हीच."

भावाची मान खाली गेली.

"तो माझ्यापुढे रडला गं, ताई. पेशंट तुटत होते. खिळा मीच ठोकला."

"आणि मला का नेलंस?"

"वाटलं, माझी बहीणच तिथे गेली तर लोकांचाही विश्वास बसेल."

 ताई तपासनीसकडे वळल्या.

"तक्रारीत याचंही नाव घाला."

"नातं काय लिहू?"

"भाऊ," त्या म्हणाल्या. "सख्खा. तो शब्द गाळू नका."