इंदूर की जळगाव

लाइट गेली आणि बुऱ्हाणपूरच्या बुधवारा बाजारात एजंट निंबाभाऊंचा पंखा कुरकुरत थांबला. कापडदुकानावरची ती विम्याच्या ऑफिसची खोली क्षणात भट्टी झाली. निंबाभाऊ चहा सांगायला खाली गेले. वंदना हातातली माहितीपत्रकं उलटसुलट करत राहिली...

"ते घेऊ नका," समोरच्या बाकावरून आवाज आला.

तिनं मान वर केली. उंच, सावळा, शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचे काळे डाग. तिच्या हातात होतं तसलंच पत्रक घेऊन तो स्वतःला वारा घालत होता.

"का?"

"या कंपनीच्या यादीतले सगळे दवाखाने इंदूरचे. आपल्याकडं माणूस जास्त आजारी झाला की कुठं नेतात?"

"जळगावला," ती म्हणाली, आणि तिनं पत्रक खाली ठेवलं.

मागच्या दिवाळीत बाबांनाही जळगावलाच नेलं होतं. राज्य मध्य प्रदेश असलं, तरी बुऱ्हाणपूरचे पाय आजारपणात जळगावकडेच वळतात. बाबांचा विमा होता. पण कंपनीच्या यादीत तो दवाखाना नव्हता. कागद, फोन, पुन्हा कागद... वंदना खाली काउंटरवर भांडत राहिली, आणि वर बाबा गेले. तिचं नाव घेत होते म्हणे. तेव्हापासून तिला कशातच स्वस्थता नव्हती. वर्गात शिकवताना, पोळ्या लाटताना ती मध्येच दचकायची. आता आईला काही झालं, तर तिला आईजवळ बसायचं होतं. बस्स, एवढंच हवं होतं तिला कुठल्याही कंपनीकडून.

"तुम्ही एजंट?" तिनं विचारलं.

"छे! गिऱ्हाईक. दादांसाठी आलोय, वडलांसाठी. मी चुडामण महाजन."

"नाव आजोबांचं दिसतंय."

"हो. ते परत मागत नाहीत, म्हणून वापरतो."

वंदनानं ओठ दाबून धरले, पण हसू डोळ्यांत आलंच.

मग भेटी होत गेल्या. नव्या नव्या कंपन्या येत होत्या, प्रत्येकीचा प्लॅन सगळ्यात चांगला! एक म्हणे, शुगर असेल तर काही वर्षं थांबा. दुसरी खोलीचं भाडं अर्धंच देणार. इतवाऱ्याच्या बाजारात मावा जिलेबीच्या दुकानात, बाहेर भुरभुर पाऊस, टेबलावर पत्रकं पसरून दोघं वाद घालत. केळीच्या कामाला जळगावला गेला की चुडामण तिथल्या दवाखान्यांत विचारून यायचा— कुठली कंपनी चालते, कुठली रडवते.

"तुमच्या दादांनी ठरवलं का?" एकदा तिनं विचारलं.

"त्यांनी तर पत्रकच चुलीत घातलं. म्हणे, रोगाला आवतण देतोस का?"

"मग परवा जळगावात कुणासाठी फिरलात?"

तो जिलेबीकडे बघत बसला... कान मात्र लाल झाले होते.

शेवटी प्लॅन ठरला. निंबाभाऊंनी पेन पुढे केलं. "ताई, मां-बेटी एकच पॉलिसी घ्या, स्वस्तात बसते. फक्त शादी झाली की आई तुमच्या पॉलिसीतून बाहेर. कंपनीचा रूल है, काय करणार!"

"मग लग्नच नको," वंदना म्हणाली. "सही कुठं करू?"

चुडामणचा चहा बशीत सांडला. "आईंची वेगळी घ्या ना!"

"महाग पडते, भाई," निंबाभाऊ म्हणाले.

"पडू दे."

"तुम्हाला काय फरक पडतो?" वंदनानं विचारलं.

तो उठला आणि सरळ जिन्याकडे गेला. ती मागोमाग. जिन्यात पावसाचे तुषार येत होते.

"पळालात?"

"निंबाभाऊंसमोर बोललो असतो, तर संध्याकाळपर्यंत इतवाऱ्यात पोचलं असतं."

"काय पोचलं असतं?"

"हेच की... तुम्ही लग्न नको म्हणालात, आणि माझे हातपाय गळाले."

वंदनानं कठडा घट्ट धरला.

"बाबा गेले तेव्हा मी वर नव्हते, चुडामण. उद्या मी कुणाच्या घरी... आणि आई एकटी तिकडं... मला तसं पुन्हा नाही जमायचं."

"कंपनी कुठलीही घ्या," तो हळू म्हणाला, "काउंटरवर कुणाला तरी उभं राहावंच लागतं. मी राहीन. तुम्ही वर आईंजवळ बसा."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली नाही.

"भांडता येतं तुम्हाला?"

"केळीच्या लिलावात रोज भांडतो व्यापाऱ्यांशी."

"जिंकता?"

"कधी कधी..."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. पदरानं टिपत ती वळली.

"चला वर," ती म्हणाली. "आईची पॉलिसी वेगळी करायचीय."